स्टेंट बसला, आता भाकरीचे काय?

गिळता येत नाही म्हणून जालना जिल्ह्यातला रुग्ण छत्रपती संभाजीनगरला, कधी थेट मुंबईला जातो. तपासण्या होतात, अन्ननलिकेत स्टेंट बसवला जातो आणि दोन-चार दिवसांत तो परतूर, मंठा किंवा भोकरदनच्या गाडीत बसतो. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतात आणि खाली दोन शब्द: 'मऊ आहार'. घरी पोचल्यावर पहिला प्रश्न येतो तो भाकरीचा. आता भाकरी चालेल का? चालणार असेल तर कधीपासून आणि कशी? या दोन शब्दांत त्याचे उत्तर नसते. मग एका घरात भीतीपोटी महिनाभर चहा, दूध आणि भाताच्या पाण्यावर भागवले जाते आणि माणूस वाळत जातो. दुसऱ्या घरात 'स्प्रिंग टाकली, रस्ता मोकळा झाला' म्हणून तिसऱ्याच दिवशी ताटात चपाती आणि मटण येते, घास अडकतो आणि पुन्हा शहराचा रस्ता धरावा लागतो. स्टेंटने मिळालेला दिलासा किती दिवस टिकणार, हे बऱ्याच अंशी स्वयंपाकघरात ठरते. उपचारातला सर्वांत कमी वेळ मात्र त्याच विषयाला मिळतो.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती गरजेनुसार ताणली जाते, त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी बराच काळ काही जाणवत नाही. मार्ग साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला की घट्ट घास अडकू लागतो. आधी भाकरी आणि मटण, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. या मधल्या काळात बहुतेक जण 'ॲसिडिटी' म्हणून गोळ्या घेतात, घासागणिक पाणी पितात आणि आठवडे निघून जातात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ७० हजार लोकांना अन्ननलिकेचा कर्करोग होतो आणि त्यातले बरेच जण उशिराच डॉक्टरांपर्यंत पोचतात. आपल्याकडच्या या आजाराच्या मुख्य प्रकाराचे तंबाखू आणि दारूशी जवळचे नाते आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरताना आढळले होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे पानटपरीवर दिसतेच.

गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी नसेल, तर निदान खाण्याचा मार्ग उघडा राहावा म्हणून स्टेंट बसवतात. ही निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी असते. दुर्बिणीच्या साहाय्याने ती मिटलेल्या अवस्थेत आत नेतात. शरीराच्या उष्णतेला हा धातू आपला मूळ आकार घेऊ लागतो आणि एक ते तीन दिवसांत नळी पुरती उघडते. पूर्वी कडक प्लास्टिकच्या नळ्या जोर लावून बसवाव्या लागत. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४२ रुग्णांचा एक तुलनात्मक अभ्यास आला. त्यात धातूच्या जाळीने गुंतागुंत पुष्कळच कमी झाल्याचे दिसले आणि हळूहळू प्लास्टिक मागे पडले.

स्टेंट आणखी एका कारणाने बसतो. अन्ननलिकेचा रोगट भाग कापून जठर वर ओढून जोडले जाते, तो जोड कधी गळतो, कधी व्रण आकसून तिथे मार्ग अरुंद होतो. अशा वेळचा स्टेंट तात्पुरता असतो. तोंडाने खायला कधी सुरुवात करायची हे तिथे फक्त शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतात, कारण गळती बंद झाल्याची खात्री आधी करावी लागते. तोवर अन्न पोटातल्या नळीवाटे जाते. हा स्टेंट साधारण सहा ते आठ आठवड्यांत काढतात. बरे वाटतेय म्हणून ती तारीख चुकवली, तर आजूबाजूची त्वचा जाळीत वाढते आणि काढणे अवघड होऊन बसते. घरच्यांनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आता मूळ मुद्दा. स्टेंट मार्ग उघडा ठेवतो, पण गिळण्याचे काम करत नाही. निरोगी अन्ननलिका आकुंचन पावत घास खाली ढकलते. जाळीच्या भागात ते आकुंचन नसते, घास तिथून स्वतःच्या वजनाने आणि पाण्याच्या मदतीने उतरतो. जाळी जठराच्या तोंडापर्यंत गेलेली असेल तर तिथली झडपही उघडीच राहते, म्हणजे खालचे आम्ल आणि अन्न वर येऊ शकते. स्टेंटसोबतच्या जगण्याचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात. ताठ बसून खावे. मांडी घालून ताटावर वाकण्यापेक्षा खुर्ची बरी. जेवल्यावर तासभर आडवे होऊ नये, खुरपणी किंवा ओझे उचलण्यासारखे वाकण्याचे कामही करू नये. रात्रीचे शेवटचे खाणे झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा इंच उंच करावा. जमिनीवर झोपणाऱ्यासाठी पाठीपासून उतार येईल अशा घड्या घातलेल्या गोधड्या लावाव्यात. नुसती उशी वाढवल्याने मान दुमडते, उपयोग होत नाही.

पहिले दोन-तीन दिवस छातीत दुखते किंवा काहीतरी अडकल्यासारखे वाटते. जाळी उघडत असल्याचे ते लक्षण आहे, दिलेल्या वेदनाशामकाने ते ओसरते. या दिवसांत डॉक्टरांच्या सांगण्यानुसार आधी पाणी, नारळपाणी, गाळलेले वरण, मग दूध, आंबील, ताक. घोट घोट. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चमच्याने खाण्याजोगे मऊ अन्न. पुष्कळ घरे पातळावरच थांबतात, ती इथे. अर्धा कप चहात साखर-दूध धरूनही चाळीस-पन्नास कॅलरीच असतात. दिवसातून आठ वेळा चहा घेतलेला माणूस 'पोटात जातंय' म्हणतो, पण खरे तर उपाशी असतो.

हिशेब अवघड नाही. ५० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला साधारण १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून पाचशेहून थोड्या अधिक कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, दोन अंड्यांतून दीडशे कॅलरी आणि तेवढीच प्रथिने. दोन मोठे चमचे तुपाच्या सव्वादोनशेवर कॅलरी होतात. वर वाटीभर मुगाचे वरण आणि गुरगुट्या भात आला की गरज भागायला लागते. यातली एकही वस्तू दुकानातल्या महागड्या पावडरच्या डब्यातून येत नाही. तो डबा वाईट नसतो, पण त्यासाठी उसनवारी करण्याचे कारण नाही. दाणे मात्र भाजून, साल काढून, पिठासारखे बारीक करून, चाळून, वरणात किंवा दुधात शिजवूनच द्यावेत. भरड कूट जाळीत बसतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागेल.

भाकरी आणि चपाती यांत स्टेंटच्या दृष्टीने मोठा फरक आहे. गव्हात ग्लुटेन असते, म्हणूनच कणीक ताणली जाते. चावलेली चपाती, पाव किंवा नान लाळेत मिसळून पुन्हा चिवट गोळा होतो आणि जाळीच्या तोंडाशी बसतो. पाश्चात्त्य रुग्णालयांच्या पत्रकांत पावाला मनाई असते ती यामुळेच. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही. त्यांची भाकरी भिजली की तिचा भुगा होतो. म्हणजे कोरडी भाकरी ठेच्यासोबत मोडून खाणे बंद, पण काला करून खाणे आठवड्या-दोन आठवड्यांनी बहुतेकांना जमते. ताजी भाकरी घ्यावी, कडक कडा आणि वरचा पापुद्रा काढून टाकावा, गरम असतानाच बारीक कुस्करावी आणि गरम दुधात किंवा पातळ वरणात दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावी. दोन बोटांत दाबल्यावर गोळी लागता कामा नये. जिने आयुष्यभर भाकरी थापली आणि ज्याने ती आयुष्यभर खाल्ली, त्या दोघांसाठी ही वाटी औषधाच्या गोळ्यांइतकीच मोलाची असते. गहू सोडायचा असे नाही. लापशी, मऊ शिरा, बारीक मोडून दुधात शिजवलेल्या शेवया चालतात.

ज्वारीच्या कण्या हा तर अशा रुग्णासाठीच असावा असा पदार्थ आहे. मऊ शिजवून ताकात सारख्या कराव्यात आणि वरून तूप सोडावे. पिठले पातळ हवे, झुणका नको. मोकळा भात शीत-शीत वेगळा राहतो आणि अडकतो, तो वरणात घोटून घ्यावा. पालेभाजीचे देठ काढून, डाळीबरोबर शिजवून, घोटून केलेले गरगटे उत्तम. मेथी-पालकाची नुसती परतलेली भाजी नको, तिचे धागे जाळीला गुंडाळले जातात. शेवग्याचा गर खरवडून घ्यावा, शेंग चोखायला देऊ नये. गवार, वालाच्या शेंगा, मक्याची कणसे आणि हिवाळ्यातला हुरडा, यांना रामराम. वांगे भाजून, साल काढून, घोटलेले भरीत जमते. फोडणीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मोहरी, कढीपत्त्याचे पान, मिरचीचा तुकडा, कोथिंबिरीची काडी या बारीकसारीक वस्तू अडकण्यात पुढे असतात. तुपात जिरेपूड आणि हिंग घालून फोडणी करावी, चव राहते.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण तीच घेऊन येतो. रस गाळून द्यावा. फोड देऊ नये, तिच्यावरचा पडदा आणि आतला चोथा पोटापर्यंत उतरत नाही. छातीत जळजळ होत असेल तर रसात पाणी मिसळावे किंवा काही दिवस तो थांबवावा. केळे कुस्करून, पपई आणि आमरस गाळून चालतो. पेरू, चिक्कूची साल, उसाचे कांडे टाळावे.

मांसाहारी घरात खिमा पुन्हा वाटून, रश्शात सैल करून देता येतो. मटणाचा तुकडा नको, कितीही शिजलेला असला तरी. अंबड, घनसावंगी, परतूर या गोदाकाठच्या तालुक्यांत नदीचा मासा खाल्ला जातो, त्यातले बारीक काटे ही वेगळी जोखीम आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक कोरडा असतो, त्यापेक्षा दुधात फेटून हलवत शिजवलेले अंडे बरे.

उपवासाचा प्रश्न डॉक्टरांना क्वचितच विचारला जातो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी चिकट गोळा आणि भरड कूट या दोन्ही धोक्यांनी भरलेली असते. उपवास सोडवत नसेल तर मऊ शिजवलेली भगर आणि दाण्याची गाळलेली आमटी घ्यावी. रोजे ठेवणाऱ्यांनी दिवसभराची भूक संध्याकाळी एकदम भागवणे जाळीला सोसत नाही. खजूर चिकट असतो आणि त्याची साल पातळ कागदासारखी चिकटून बसते. धार्मिक मंडळींनीच आजाऱ्याला सूट आहे हे स्पष्ट सांगितले, तर ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा लवकर पटते.

खाण्याची पद्धतही बदलते. तीन ताटांऐवजी सहा वाट्या, प्रत्येक वाटीला वीस-तीस मिनिटे, दोन-तीन घासांनंतर कोमट पाण्याचा घोट आणि शेवटी अर्धा पेला कोमट पाणी, जाळी धुऊन निघावी म्हणून. काही ठिकाणी त्यासाठी सोडा पिण्याचा सल्ला देतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण घोटभर घेतल्याने कोणाचे बिघडत नाही. ज्यांचे दात पडले आहेत किंवा तंबाखू-सुपारीने तोंड उघडेनासे झाले आहे, त्यांचे अन्न मिक्सरमधूनच काढावे. अशा माणसाला चारचौघांत जेवण्याची लाज वाटू लागते. लग्नाच्या पंगतीला तो जात नाही, पुढे घरच्यांबरोबरही बसत नाही. त्याची वाटी आधी देऊन, इतरांच्या जेवणाच्या वेळी त्याला सोबत बसवणाऱ्या घरात तो दोन घास जास्त खातो.

ज्यांचे जठर वर ओढून जोडले आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी. गोड शिरा किंवा साखरेचे दूध भराभर घेतले तर अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. त्यांनी गोड कमी, प्रथिने जास्त आणि पाणी जेवणाच्या मधल्या वेळात घ्यावे. स्टेंटही असेल तर घोटभर पाणी जेवताना लागेलच, प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

गोळ्यांचाही विचार हवा. मोठी गोळी कोरडी गिळू नये, डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्यावे. सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत, काहींचे आवरण मुद्दाम दिलेले असते. आम्ल कमी करणारी गोळी बरे वाटतेय म्हणून परस्पर बंद करू नये.

घास अडकलाच तर? खाणे लगेच थांबवावे. उठून उभे राहावे, थोडे चालावे, कोमट पाण्याचे लहान घोट घ्यावेत. अडकलेल्या काट्यावर कोरड्या भाकरीचा गोळा किंवा केळे गिळायचा जुना घरगुती उपाय इथे घातक आहे, मागून आलेला घास रस्ता आणखी बंद करतो. घशात बोटे घालून उलटी काढू नये. माणूस बोलू शकत असेल, श्वास नीट चालू असेल, तर घास अन्ननलिकेत आहे आणि थोडा वेळ आहे. आवाजच फुटत नसेल, जीव गुदमरत असेल, तर तो श्वासनलिकेत आहे आणि एक मिनिटही घालवता येत नाही. दोन-तीन तासांत घास उतरला नाही किंवा लाळही गिळता येईना, तर दुर्बीण असलेल्या रुग्णालयात जावे लागते. अडकलेले अन्न तिथे काढता येते. त्याशिवाय रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप, छातीत असह्य कळ किंवा प्रत्येक घोटाला खोकला, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. खोकला येत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात छिद्र पडलेले असू शकते.

जवळपास एक-तृतीयांश रुग्णांना पुढे केव्हातरी पुन्हा अडकू लागते. गाठ जाळीच्या टोकावर वाढते, जाळी सरकते किंवा अन्न साचते. केमोथेरपीने गाठ आकसली तर जाळी सैल होऊन खाली घसरू शकते, म्हणजे चांगली बातमीच त्रासाचे कारण ठरते. यावर बहुधा उपाय करता येतो, आत दुसरा स्टेंटही बसवता येतो. म्हणून 'आता काही उरलं नाही' असे समजून रुग्णाला घरी ठेवणे चूक आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. स्टेंटचा खर्च त्यात कसा बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारावे. पण योजनेच्या कागदात आहाराचा सल्ला मोजला जात नाही, म्हणून तो कोणाच्याच जबाबदारीचा राहत नाही. डिस्चार्जच्या दिवशी घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर हवी. सल्ला मुलाला दिला जातो, तो औषधांच्या पिशवीबरोबर घरी नेला जातो आणि चुलीपर्यंत पोचेपर्यंत त्याचा 'पातळ द्या' एवढाच अर्क उरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचे आहे. या महाविद्यालयाने कण्या, काला, गरगटे, भगर अशा नावांचे एक पानी मराठी पत्रक काढले आणि ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि आशांच्या हाती दिले, तर त्याला नवी इमारत लागणार नाही आणि मोठे यंत्रही लागणार नाही. आशांनी दर आठवड्याला रुग्णाचे वजन लिहिले तरी पुरे. घसरते वजन पंधरा दिवस आधी सांगते की काहीतरी बिघडतेय. पत्रकाच्या मागच्या बाजूला स्टेंटचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि रात्री लागणारा फोन नंबर असावा. एमआरआय करायची वेळ आली तर तीच माहिती तिथे विचारली जाते.

आजार पुढे गेला की एक वेळ येते, मार्ग उघडा असतो पण भूकच राहत नाही. घरच्यांना वाटते, पुन्हा अडकले. पाणी विनासायास उतरत असेल आणि तरी रुग्ण वाटी परत करत असेल, तर दोष जाळीचा नसतो. अशा वेळी 'एवढं तरी खा' म्हणून चमचा तोंडात कोंबल्याने ठसका लागतो आणि अन्न फुप्फुसात जाते. तो मागेल तेव्हा, मागेल तेवढे द्यावे. दोन चमचे वरणाचे पाणी असो की थंड ताकाचा घोट. ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसत राहावी.